गावाकडचा होडीचा कुठला धक्का आधी सुधारायचा, हे ठरवायचं कसं? पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी

ग्रामपंचायतीत नव्याने निवडून आलेले, एखाद्या संस्थेत नुकतेच लागलेले किंवा बांधकाम खात्यात पहिल्यांदाच तालुक्याला पोस्टिंग मिळालेले लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात. आमच्या खाडीला नाहीतर धरणाच्या फुगवट्याला सात-आठ ठिकाणी होड्या लागतात, सगळ्यांनाच आपला धक्का हवाय, पैसे मात्र एक-दोन धक्क्यांपुरतेच आहेत, तर कुठला घ्यायचा? मी कोकणातल्या खाड्यांवर आणि नंतर थोडे दिवस उजनी धरणाच्या बॅकवॉटरला हे काम केलंय, त्यातून जे कळलं ते इथे पायरी पायरीने लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो. धक्का वरून बघायचा नसतो, खालून बघायचा असतो. पाणी अगदी खाली गेलेलं असताना, शेवटच्या पायरीवर उभं राहून, हातात ओझं घेऊन. बाकी सगळं नंतर.

१. आधी खरी यादी करा

सरकारी कागदावर जेवढे धक्के असतात त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त असतात. कागदावर फक्त ज्यावर कधीतरी सिमेंट पडलंय तेच येतात, पण होडी लागायला सिमेंट लागत नाही, वडाखाली लागते, कातळावर लागते, कुणाच्या तरी बागेच्या कडेला लागते. अशा जागेला धड नावही नसतं, लोक नुसतं 'तरीवर' म्हणतात आणि त्यांना ते बरोबर कळतं (तर म्हणजे होडीने पलीकडे जायची जागा). विदर्भात त्यालाच घाट म्हणतील, कोयनेच्या पाण्यावर लाँच आणि तराफा कुठे थांबतो ते सांगतील, त्यामुळे विचारताना त्यांच्या शब्दात विचारा, 'जेटी आहे का' विचारलंत तर नाही असंच उत्तर येणार.

विचारायचं कुणाला? होडीवाल्याला तर विचारायचंच, पण त्याच्या जोडीला आशाताईंना, शाळेतल्या गुरुजींना, रेशन दुकानदाराला आणि मासळी घेऊन बाजाराला जाणाऱ्या मावश्यांना विचारा. प्रत्येकाची यादी वेगळी निघते आणि ती तशीच निघायला हवी. मग मोबाईलवर सॅटेलाइट नकाशा उघडा आणि काठाने सरकत जा, जिथे दोन-तीन पायवाटा येऊन पाण्यापाशी थांबतात तिथे नक्की होडी लागते.

एक गोष्ट नवीन माणसाकडून नेहमी सुटते. तरीला दोन टोकं असतात. आपण आपल्या काठावरचा धक्का चकाचक करतो आणि पलीकडे म्हातारं माणूस गुडघाभर चिखलात उतरतं, मग त्या सुधारणेचा उपयोग निम्माच. आणि पलीकडचा काठ पुष्कळदा दुसऱ्याच हद्दीत असतो. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ दापोली तालुक्यात आणि समोरचं धोपावे गुहागरात, सावित्रीच्या तोंडाला वेसवी रत्नागिरी जिल्ह्यात आणि बागमांडला रायगडात, उजनीत कुगाव सोलापूर जिल्ह्यात तर कळाशी पुण्यात. म्हणजे दोन पंचायत समित्या, कधी दोन कलेक्टर ऑफिसं. म्हणून यादीत एकेकटा धक्का लिहू नका, जोडी लिहा, अमुक ते तमुक, आणि पलीकडच्या सरपंचांचा फोन नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.

२. पाणी तळाला गेलं की जा

ह्या पायरीवर मी जास्त लिहिणार आहे कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झालेली.

सुरुवातीच्या काळात एका खाडीकाठच्या गावात आम्ही सर्व्हेला सकाळी अकराच्या सुमाराला पोचलो, पौर्णिमा होती, पाणी अगदी वरपर्यंत भरलेलं, होडी काठाला टेकलेली, लोक आरामात चढत-उतरत होते. आम्ही मापं घेतली, फोटो काढले, पायऱ्या कुठपर्यंत न्यायच्या ते ठरवलं. काम झालं, नारळ फुटला. पुढच्या अमावास्येला संध्याकाळी सहज त्या बाजूला गेलो तर पाणी ओसरून गेलेलं, शेवटची पायरी हवेत, तिच्याखाली चारेक फूट मोकळं आणि मग काळा चिखल. एक मावशी डोक्यावरची पाटी आधी खाली उभ्या असलेल्या पोराच्या हातात देत होत्या, मग पायरीवर बसून, लुगडं आवरून, पाय खाली सोडून उतरत होत्या. उतरल्या ते पोटरीपर्यंत रुतल्या. पाय वर काढला तर तळव्याला कालवाच्या शिंपेने कापलेलं. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणाल्या आधी कातळावरून उतरायचो ते बरं होतं. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून माझा नियम, खाडीवर पहिली भेट उधाणाच्या सुकतीलाच, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीनंतर पाणी पूर्ण ओसरलेलं असताना. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशोब फार सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात खाली जातं ते पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या आसपास. बघा, नेमक्या ह्याच वेळेला लोक घरातून निघतात आणि घरी परत येतात. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, पाणी ना फार चढत ना फार उतरत, त्या दिवशी गेलात तर धक्का चांगलाच दिसणार. आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, दाभोळची वेळ चिपळूणजवळच्या गोवळकोटला लागू होत नाही, तिथल्या तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्या मुख्य माणसाला, विचारून घ्या.

धरणाच्या पाण्यावर हेच गणित वर्षाचं असतं. उजनी सप्टेंबर-ऑक्टोबरात भरलेली असते आणि मग हळूहळू उतरत जून उजाडेपर्यंत कित्येकदा मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली जाते. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं की समजायचं आता धक्के बघायची वेळ आली. उजनीचा काठ पसरट आहे, त्यामुळे पाणी थोडं उतरलं तरी काठ लांबवर सरकतो, हिवाळ्यात जिथे बोट लागत होती तिथून उन्हाळ्यात बरंच अंतर भेगाळलेल्या गाळातून चालत जावं लागतं. कोयनेला उलट, बामणोली-तापोळ्याकडे काठ उभा आहे, पाणी खोल खोल जातं आणि वर चढून यायलाच दम लागतो. ह्या दोन्हीला एकच डिझाइन चालणार नाही हे मे महिन्यात एक चक्कर मारली की आपोआप कळतं.

भेटीला जाताना काय न्यायचं? लांब काठी, टेप, गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी, वही, आणि एक पंधरा किलोची गोणी. गोणी कशाला? ती डोक्यावर घेऊन स्वतः होडीत चढून-उतरून बघायचं. दोन्ही काठांवर. मी हे सगळ्या नवीन इंजिनिअरांना करायला लावतो, कुठली पायरी उंच आहे, कुठे हाताला धरायला काही नाही, ते एका खेपेत समजतं.

पावसाळ्यातलं पाणी कुठवर चढतं तेही लिहून घ्या. त्यासाठी पुराची वाट बघायला नको, काठावरच्या देवळाची पायरी, झाडाच्या बुंध्यावर अडकलेला पालापाचोळा, घराच्या भिंतीवरचा डाग, लोक बोट लावून दाखवतात की अमक्या साली इथपर्यंत आलेलं.

३. माणसं मोजा, पण योग्य दिवशी

एका दिवसाची मोजणी काही कामाची नाही. कमीत कमी तीन दिवस हवेत, आठवडी बाजाराचा एक, शाळा-कॉलेज चालू असतानाचा साधा एक, आणि हंगामाचा एक. पहिल्या होडीपासून शेवटच्या होडीपर्यंत बसायचं. नुसते आकडे नकोत, बाई की बापय, म्हातारं, शाळेचं पोर, डोक्यावर ओझं, कडेवर मूल, सोबत सायकल-मोटरसायकल, शेळी-बकरी, आजारी माणूस, अशा रेघा मारत जायच्या.

हंगामाचा दिवस म्हणजे काय ते एका दुर्दैवी उदाहरणाने सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बायका मिरची तोडायच्या कामाला वैनगंगा ओलांडून निघाल्या होत्या, नाव उलटली आणि ६ जणी गेल्या. मजुरीसाठीची अशी ये-जा वर्षातले थोडेच आठवडे असते, त्या आठवड्यांत नाव भरभरून जाते आणि बाकी वर्षभर तिथे चिटपाखरू नसतं. आपण जून-जुलैत मोजायला गेलो तर शून्य लिहून येऊ आणि तो घाट यादीतून बाद होईल. म्हणून विचारा की मिरची कधी, कापूस कधी, भात कापणी कधी, आंबा काढणी कधी, ऊसतोड कधी, जत्रा कधी, आणि त्या दिवसांत परत जा.

जे येत नाहीत त्यांचीही नोंद हवी. काठावरच्या वाडीत घरोघर फिरून विचारायचं की होडीने जायचं कोण टाळतं आणि का. गरोदर बाई जात नाही कारण फळी हलते, गुडघेदुखीची आजी जात नाही कारण पायरी उंच, मुलीला अकरावीला पाठवलं नाही कारण संध्याकाळच्या होडीला काठावर दिवा नाही. मला वाटतं ही यादी मोजणीइतकीच महत्त्वाची आहे, धक्का सुधारल्यावर सगळ्यात जास्त फरक ह्याच लोकांना पडतो.

४. होडी नसेल तर काय?

प्रत्येक जोडीसाठी हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर तासात आणि रुपयात लिहा. होडी बंद पडली तर पलीकडच्या दवाखान्यात पोचायला किती वेळ, एसटी आहे का, किती वाजता, तिकीट किती, पावसाळ्यात तो रस्ता चालू असतो का. काही ठिकाणच्या तरी अशा असतात की माणसं भरपूर पण अर्ध्या तासावर पूल आहे, लोक होडीने जातात ते सोय म्हणून. आणि काही अशा असतात की दिवसाला वीस-पंचवीस माणसं पण त्या वीस-पंचवीस जणांना दुसरा रस्ताच नाही. कोयनेच्या पाण्यापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातली गावं बघा, तिथे लाँच चुकली म्हणजे दिवस गेला.

माझं मत स्पष्ट आहे, जिथे दुसरा रस्ता नाही ती जागा आधी घ्यायची, गर्दी कमी असली तरी.

इथेच पुलाचीही चौकशी करून टाका. पूल मंजूर आहे असं गावात वीस-वीस वर्षं ऐकू येतं, त्यावर विश्वास ठेवून धक्का सोडूही नका आणि डोळे मिटून मोठं काँक्रीटही ओतू नका. बांधकाम खात्यात जाऊन विचारायचं, प्रशासकीय मान्यता आहे का, टेंडर निघालंय का, वर्कऑर्डर दिलीय का. वर्कऑर्डर असेल तर तिथे हलवता येईल अशी गोष्ट करा, तरंगती जेटी, लोखंडी फळी-कठडा, दिवे, जे नंतर उचलून दुसऱ्या तरीला नेता येतं.

५. नदी त्या जागेचं काय करणार?

नदी वळते तिथे बाहेरच्या अंगाला पाणी जोरात आणि खोल असतं, तिथे काठ कापला जातो. आतल्या अंगाला पाणी मंद होतं, तिथे वाळू-गाळ साचतो. म्हणून आतल्या वळणावरचा धक्का दोन-चार पावसाळ्यांत गाळात जातो आणि बाहेरच्या वळणावरचा, पाया नीट नसेल तर, काठासकट खाली येतो. सरळ पात्राचा तुकडा किंवा काठाला खडक-कातळ असलेली जागा सगळ्यात चांगली. गंमत म्हणजे जुन्या लोकांनी होडी लावायची जागा बहुतेक वेळा अशीच निवडलेली असते, त्यामुळे नवीन जागा शोधण्याआधी जुनी का निवडली होती ते विचारा. आणि सोडली असेल तर का सोडली तेही. राजापूरसारखं नावाजलेलं बंदर गाळाने भरून गेलं, तिथे आपल्या चार पायऱ्यांची काय कथा.

गाळ मोजायची साधी रीत म्हणजे होडीतून जाऊन काठापासून दर दहा फुटांवर काठी बुडवायची. पाणी किती ते बघायचं, आणि मग काठी दाबायची, आणखी किती आत जाते ते बघायचं. सुकतीला होडीच्या तळाखाली दोनेक फूट पाणी उरायला हवं, नाहीतर होडी रुतणार आणि पंखा गाळात फिरणार. काठी हात-दीड हात सरळ आत जात असेल तर तिथे जड काँक्रीट टाकायच्या आधी माती परीक्षण केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वाळू उपसा आजूबाजूला चालतो का तेही बघा. चालत असेल तर पात्राची खोली दरवर्षी बदलते आणि आजचं माप पुढच्या वर्षी खोटं ठरतं.

६. पायऱ्या की उतार, थोडं गणित

हे ठरवल्याशिवाय खर्चाचा अंदाज येत नाही आणि खर्चाच्या अंदाजाशिवाय निवड होत नाही, म्हणून आत्ताच करायचं. समजा भरती आणि सुकतीत आठ फुटांचा फरक आहे. त्यात वर दोन फूट धरा म्हणजे उधाणाला वरचं टोक बुडणार नाही, आणि खाली दोन फूट धरा म्हणजे सगळ्यात खालच्या पाण्यालाही पायरी पाण्यात राहील. झाले बारा फूट. पायरी सहा इंचाची केली तर चोवीस पायऱ्या. रॅम्प करायचा आणि दहा फुटाला एक फूट असा उतार ठेवायचा तर एकशेवीस फूट लांबी. ह्यापेक्षा तीव्र केला तर शेवाळ आल्यावर त्यावर ओझं घेऊन उभं राहता येत नाही, आणि व्हीलचेअरसाठी तर बारा फुटाला एक फूट हवा, म्हणजे आणखी लांब.

पुष्कळ ठिकाणी एस्टिमेट कमी करायला नेमके ते खालचे चार-पाच फूट कापले जातात, कारण पाण्यातलं काम महाग पडतं, सुकतीच्या दोन-तीन तासांतच करावं लागतं. पण लोकांना गरज तेवढ्याचीच असते! वरचा भाग नसता तरी ते काठावरून चालत आले असते. पैसे कमी पडत असतील तर वरची फरशी, कमान, बाकडी, नावाची पाटी हे सगळं कापा, खालचं टोक कापू नका.

जिथे पाणी वर्षभरात फारच खाली-वर होतं, धरणावर, तिथे एकच लांबलचक रॅम्प करण्यापेक्षा तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर तीन छोटे टप्पे आणि त्यांना जोडणारी पायवाट असं करता येतं, किंवा पाण्याबरोबर वर-खाली होणारा तराफा. तराफ्याला साखळ्या, नांगर, रोजची सरकवासरकव लागते, म्हणजे पगारी माणूस लागतो, ते आधी ठरवा.

७. जमीन आणि परवानग्या

सातबारा काढा. भूमी अभिलेखमधून गाव नकाशा घ्या. जागा खाजगी निघाली तर मालकाशी तोंडी बोलणं पुरत नाही, आज आजोबा हो म्हणतात आणि उद्या नातू कंपाउंड घालतो, लेखी बक्षीसपत्र नाहीतर रीतसर संपादन हवं. धरणाच्या काठची जमीन बहुतेक जलसंपदा खात्याने संपादित केलेली असते, त्यांची ना-हरकत लागते. खाडीवर महाराष्ट्र सागरी मंडळ, आणि भरतीचं पाणी जिथवर पोचतं तिथे सीआरझेडची (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांची) परवानगी. कांदळवन (खारफुटीचं जंगल) असेल तर फार सांभाळून, मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवन तोडायला बंदी घातलीय, सार्वजनिक कामासाठी सुद्धा कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, आणि कांदळवनाभोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही त्यात येतो. शंभर पावलं बाजूला मोकळा कातळ असेल तर सरळ तिकडे सरका. कांदळवनानेच काठ धरून ठेवलेला असतो, ते तोडून धक्का बांधला तर काठ धुऊन जायला लागतो.

८. आता गुण द्या

इथपर्यंत आलात की प्रत्येक जोडीचं एक पान तयार झालेलं असतं. मी शंभरातून असे देतो: दुसरा रस्ता नाही याला तीस, आत्ताच्या जागेच्या धोक्याला पंचवीस, माणसांना वीस, नदी-गाळाच्या दृष्टीने जागा टिकण्याला पंधरा, जमीन-परवानग्या सोप्या असण्याला दहा. तुम्ही थोडं वर-खाली करा, पण एक करा, गुण द्यायच्या आधी वजनं ठरवा आणि ती ग्रामसभेत फळ्यावर लिहा. आकडे हातात आल्यावर वजनं ठरवली की ती कुणाच्या तरी धक्क्याच्या बाजूने वाकतात.

देखभाल कोण करणार याला मी गुण देत नाही, ती अट ठेवतो. शेवाळ घासायला, गाळ ओढायला, दिवा बदलायला ग्रामपंचायत, मच्छीमार सोसायटी किंवा होडीवाले यांच्यापैकी कुणीतरी ठरावात नाव लिहून द्यायचं. नाव नसेल तर ती जोडी ह्या वर्षी थांबते.

एक अनुभव. एका गावात दोन तरी होत्या, वरची आणि खालची. वरच्या तरीला रोजची माणसं जवळपास चौपट, बाजारपेठेला लागून, मागणीही तिचीच जोरात. खालच्या तरीला समोरच्या वाडीची थोडी घरं, रस्ता नाही, उतरायला निसरडा कातळ. गुण मांडले तर खालची पुढे गेली. ग्रामसभेत आवाज चढले, साहजिक आहे. मग एक होडीवाले काका उठले आणि म्हणाले, वरच्या तरीला मला गेल्या दहा वर्षांत कुणाला उचलून न्यावं लागलं नाही, खालच्या तरीला दर पावसाळ्यात दोन-चार जणांना पाठुंगळी घेऊन न्यावं लागतं. त्यानंतर विरोध फारसा राहिला नाही. म्हणून होडीवाल्यांना बैठकीला बोलवायचंच, आणि बैठक त्यांच्या खेपा संपल्यावर ठेवायची, भरतीच्या वेळेला ठेवलीत तर ते येणार नाहीत.

बायकांची बैठक वेगळी घ्या. संडास, कपडे बदलायला आडोसा, पाटी टेकवायला कंबरेएवढा कट्टा, ह्या गोष्टी मोठ्या सभेत कुणी बोलत नाही. कंबरेएवढ्या कट्ट्याची कल्पना मला अशाच बैठकीतून मिळाली. डोक्यावरची पाटी दुसऱ्याच्या मदतीशिवाय उतरवता आणि चढवता येते, खर्च अगदी किरकोळ, आणि मी आजवर पाहिलेल्या एकाही छापील डिझाइनमध्ये तो नव्हता.

९. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांच्यासाठी

यादीत सात जोड्या होत्या, पैसे दोघांना मिळाले, मग पाच जोड्यांना नुसतं पुढच्या वर्षी बघू म्हणून सोडायचं नाही. हाताला धरायला लोखंडी पाइप, सोलर दिवा, बाजूला टांगलेले जुने टायर म्हणजे होडी आपटत नाही, रुंद आणि खाली आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी, लाइफ जॅकेट ठेवायला पेटी, होडीत किती माणसं बसवायची त्याचा मोठ्या अक्षरातला फलक. एवढं ग्रामपंचायतीच्या निधीतून जमू शकतं.

आणि काठावर एक शेड, चारी बाजूंनी भिंती नसल्या तरी चालतील पण छप्पर पक्कं. हे मी २१ मे २०२४ नंतर जास्त आग्रहाने सांगायला लागलो. त्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली, बोटीत ७ जण होते, एक पोहत काठाला लागला, ६ जण गेले. वारा आपल्या हातात नाही. पण मे महिन्यात वळवाचं आभाळ भरून आलं की तासभर काठावर थांबायला जागा असली, आणि 'आत्ता बोट सोडायची नाही' असं म्हणायचा अधिकार एका माणसाला ठरावाने दिलेला असला, तर माणूस थांबू शकतो. उघड्या माळावर, पावसात, पोराबाळांसकट उभं राहायचं असेल तर सगळे म्हणतात चल, सोड बोट, दहा मिनिटांत पोचू.

१०. काम झाल्यावर

बिल काढायच्या आधी उधाणाच्या सुकतीला, धरण असेल तर मे अखेरीला, परत तिथे जा, तीच पंधरा किलोची गोणी घेऊन. शेवटची पायरी पाण्यात आहे का बघा. नसेल तर काम अपुरं आहे, तसं मोजमाप पुस्तकात लिहा. पायऱ्यांच्या बाजूच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत दर फुटाला पांढऱ्या ऑइलपेंटने रेघ मारून आकडे घाला, आणि होडीवाल्यांपैकी एकाला सांगा की रोज सकाळी पाणी कुठल्या आकड्याला आहे त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका. वर्षभराचे फोटो जमले की पुढच्या धक्क्याच्या सर्व्हेला तुम्हाला अंदाज करत बसावं लागणार नाही, आणि गाळ चढायला लागला की कुठली पायरी दिसेनाशी झाली तेही त्यातच दिसतं. शेवाळ घासायचं ते पहिल्या पावसानंतर आणि मग दर पंधरा दिवसांनी, चुना आणि खराट्याने, सुकतीला, खालच्या टोकापासून सुरुवात करून.